रांजणांना घाम फुटेना

मालम गांबोच्या बायकोची, म्हणजे अझूमीची, एक जुनी तक्रार होती आणि ती साऱ्या गल्लीला तोंडपाठ होती. तिचं म्हणणं असं, की या माणसाने जन्मभर गोरोच्या, म्हणजे चघळायच्या कोलाच्या, फळांची जेवढी काळजी घेतली, त्याच्या चौथाईने बायकोची घेतली असती तर तिच्या टाचांना भेगा पडल्या नसत्या. त्यावर गांबो शांतपणे म्हणायचा, "गोरोला भेग पडली की तो गेला. तुला भेगा पडून तीस वर्षं झाली, तू आहेसच."

हे भांडण दरवर्षी हुंतुरूबरोबर यायचं आणि हुंतुरूबरोबर जायचं. वाळवंटावरून येणारा हा थंड, कोरडा वारा डिसेंबरात आमच्या झारिया शहरात शिरतो आणि लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा दोन-अडीच महिने उठायचं नाव घेत नाही. सकाळी धुळीने समोरच्या घराची भिंत दिसत नाही. घरात बसलेल्या माणसाचेही ओठ फुटतात, नाकाचा घोळणा फुटतो, लाकडी पेट्या आपोआप तडकतात. विनोदी माणसांची तर फारच पंचाईत, कारण जरा मोकळं हसलं की ओठातून रक्त. गांबोला मात्र या बाबतीत काही तोशीस नव्हती. त्याला हसायची सवयच नव्हती, असं लोक म्हणत. खरं म्हणजे तो हसायचा, पण आतल्या आत, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी.

जुळ्यांच्या पाठीवर जन्मला म्हणून त्याचं नाव गांबो; 'मालम' हे लोकांनी मानाने लावलेलं. बाप गोरो विकायचा, आजाही गोरोच विकायचा. आमच्याकडे गोरो फुटल्याशिवाय लग्न लागत नाही, बारसं होत नाही, रुसलेला व्याही घरी परतत नाही. आणि हे फळ येतं कुठून, तर दक्षिणेच्या पावसाळी रानातून. ओलाव्यात वाढलेलं, लाडावलेलं फळ. ते हुंतुरूत झारियात टवटवीत ठेवायचं म्हणजे मासा काठीवर टांगून जिवंत ठेवण्यापैकी. गांबोच्या बापाला ते जमायचं आणि गांबोला बापापेक्षा जास्त जमायचं. वयाच्या विसाव्या वर्षी तो मालगाडीतून करंड्यांच्या राशीवर बसून आला होता आणि वाटेत स्वतःच्या प्यायच्या पाण्याने गोरो भिजवत आला होता, अशी कथा सांगतात. अझूमी म्हणायची, खरी आहे. तेव्हापासून डोकं कोरडंच राहिलंय.

देवडीला लागून त्याची गोरोची खोली होती. जाडजूड मातीच्या भिंती, एकच खिडकी, तीही गोणपाटाने झाकलेली. तीन कोपऱ्यांत मातीचे तीन मोठे रांजण, गळ्यापर्यंत भरलेले. ते दिवसभर पाझरायचे, त्यांच्या पोटावर घाम यायचा, खालची वाळू ओली राहायची, आणि त्या ओल्या वाळूत एक तपकिरी कोंबडी मालकिणीच्या थाटात पोट टेकून बसायची. चौथ्या कोपऱ्यात रुंद पानांनी आतून मढवलेले करंडे, वर भिजवलेलं गोणपाट. पहाटेच्या नमाजानंतर गांबो जमिनीवर पाणी शिंपडायचा, गोणपाट बुडवून बेताने पिळायचा. जास्त ओलं राहिलं तर बुरशी, कमी राहिलं तर सुरकुती. दर चार दिवसांनी करंडा रिकामा करून एकेक फळ बोटांत फिरवायचा, कानाशी धरून हलवायचा.

"काय म्हणतंय?" अझूमी दारातून विचारायची.

"तुझ्यापेक्षा कमी बोलतंय."

या सगळ्याचा फायदा गोरोपेक्षा गल्लीला जास्त व्हायचा. हुंतुरूत त्या खोलीत पाऊल टाकलं की चोंदलेलं नाक सुटायचं, डोळ्यांची चुरचुर थांबायची, कातडी अंगाला पुन्हा पुरेशी वाटू लागायची. म्हणून जेवणं उरकली की कोणी ना कोणी यायचंच. 'हवा खायला आलो' असं कोणी कबूल करत नसे. कोणाला खल हवा असायचा, कोणाला तो परत करायचा असायचा. एक म्हातारे तर रोज तब्येत विचारायला येत आणि गांबोने "बरा आहे" म्हणायच्या आत भिंतीला टेकून घोरू लागत.

त्या वर्षी या खोलीत आणखी एक बिऱ्हाड होतं. गांबोची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं नाव हन्सातू. पण पहिल्या अपत्याचं नाव आईबापांनी तोंडाने घ्यायचं नसतं, म्हणून घरात ती नुसती 'ती'. सकाळ-संध्याकाळ अझूमी मोठ्या हंड्यात पाणी उकळून, झाडपाला घालून 'ती'ला कढत अंघोळ घालायची, आणि दुपारी 'ती' आणि बाळ गोरोच्या खोलीत गाढ झोपायचे. "माझा नातू आणि तुमचे गोरो, दोघांनाही एकच हवा मानवते," अझूमी म्हणायची. गांबोला हे ऐकून फार बरं वाटायचं, पण तेही दुसऱ्या दिवशी.

'ती'चा नवरा बराऊ मालमोटारी रंगवायचा. झारियाच्या अड्ड्यावरून सुटणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या पाठीवरची चित्रं त्याची. हात इतका मोकळा की गरुड काढला तर कोंबड्या पळतील, आणि तोंड इतकं बंद की लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्याने त्याचा आवाज धड ऐकला नव्हता. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. जावई-सासऱ्याची मर्यादाच तशी आहे. समोरासमोर बोलायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि सासूच्या तर सावलीतूनही आडवं जायचं नाही. बराऊ रोज संध्याकाळी देवडीच्या उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला उद्देशून सर्वांची खुशाली विचारायचा आणि बाळाला धाकट्या मेव्हणीकडून बाहेर आणवून पाच मिनिटं मांडीवर घ्यायचा. एवढाच त्याचा सासुरवाडीचा संसार.

आणि मग होती तबावा. गांबोच्या आत्याची मुलगी, चार घरं सोडून राहणारी, पन्नाशी ओलांडलेली, जिभेने पंचविशीची. आते-मामे भावंडांचं नातं थट्टेचं. तबावा गांबोला चारचौघांत "माझा टाकून दिलेला नवरा" म्हणायची, आणि त्याच्या घरातलं आवडेल ते हसत हसत उचलून न्यायचा तिला हक्क होता. त्याने रागवायचं नाही, असा रिवाज. मागच्या ईदेला तिने त्याची नवी कोरी टोपी त्याच्या डोक्यावरून काढून नेली होती आणि तो उघड्या डोक्याने व्याह्यांना भेटला होता.

त्या हुंतुरूत तबावाच्या मुलाचं, शेकाराऊचं, लग्न ठरलं. मुलगी कानो शहराची. कानोवाले आणि झारियावाले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे टोमणेभाऊ. एकमेकांची टर उडवायला त्यांना निमित्त लागत नाही, आणि लग्नात तर निमित्तांचा पाऊसच. मुलाकडच्यांनी गोरो आणायचा आणि निकाह लागला की जमलेल्या सगळ्यांना वाटायचा. पाचशे फळं, शुक्रवारी, गांबोकडून.

"नवऱ्या, ऐकून ठेव," तबावाने बजावलं होतं. "फळ असं पाहिजे की मोडलं की कट्ट वाजलं पाहिजे. कानोच्या एखाद्या म्हाताऱ्याने जर नुसतं चावून तोंड वाकडं केलं, तर तुझं नाव मी नातवंडांना शिव्या म्हणून शिकवेन."

"माझ्या गोरोने आजवर कोणाचं तोंड वाकडं केलेलं नाही," गांबो म्हणाला. "तुझं जन्मतःच आहे."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात गांबो कादुनाच्या अड्ड्यावर जाऊन दोन करंडे घेऊन आला, ताजे, दक्षिणेत शिवलेले. बुधवारी दुपारी घरी पोचला, खोलीत शिरला आणि जागच्या जागी उभा राहिला. तिन्ही रांजण नवरदेवासारखे नटलेले होते. तळापासून गळ्यापर्यंत चकचकीत तेली रंग. पहिल्यावर पिवळाजर्द सिंह, दुसऱ्यावर ढगांतून जाणारं विमान, आणि तिसऱ्यावर हिरव्या वेलबुट्टीत मोठ्या अक्षरांत 'सबुरी', जसं मालमोटारीच्या कपाळावर असतं.

बराऊ उंबऱ्याबाहेर बसला होता. मान खाली, कानांच्या पाळ्यांवरही रंग. दोन दिवस सासरा घरी नाही असं बघून, मेव्हणीकडून एकेक रांजण रिकामा करवून, देवडीत आणवून, त्याने हे केलं होतं. मुलगा झाल्याचा आनंद दुसऱ्या कुठल्या मार्गाने सांगायची त्याला परवानगीच नव्हती.

गांबोने कोंबडीकडे बघून म्हटलं, "कोणीतरी फार मेहनत घेतलेली दिसते."

बराऊ अंगठ्याला म्हणाला, "कोणाला पसंत पडली तर मेहनत कसली."

"सिंहाच्या मिशा अगदी खऱ्या वाटतात."

"कोणी सिंह बघितलेला नाही. मांजरावरून काढल्या, असं ऐकलं."

गांबोला इतकं भरून आलं की त्याने कोंबडीला मूठभर बाजरी टाकली. पुढचे दोन दिवस गल्लीत ज्याला त्याला तो हाताला धरून खोलीत नेत होता. रंगाचा वास जावा म्हणून दार उघडं टाकलं होतं, तेव्हा माणसंही मोकळेपणाने येत होती, विमानाच्या खिडक्या मोजत होती. लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी त्याने पहिला करंडा उसवला. फळं एकेक पुसून, निवडून, नव्या पानांत रचली. सगळी तकाकी धरून होती, लालबुंद आणि पांढरी, नुकत्याच न्हालेल्या पोरांसारखी.

शनिवारी गोणपाट उचललं तर ते वाळलेलं. गांबोने कपाळाला आठी घातली आणि पुन्हा भिजवलं. दुपारी बघितलं तर पुन्हा वाळलेलं, खरखरीत, शेळीच्या कातड्यासारखं. त्याने दार लावून घेतलं आणि येणाऱ्यांना हाकलायला सुरुवात केली.

"तुम्ही लोक दार सताड टाकता," तो भिंतीला टेकणाऱ्या म्हाताऱ्यांना म्हणाला. "ओल सगळी तुमच्याबरोबर बाहेर जाते."

"मी तर आलो की झोपतो," म्हातारे म्हणाले. "ओल न्यायला मला जाग कुठे असते?"

रविवारपर्यंत त्याने जमिनीवर इतकं पाणी ओतलं की अझूमीने बादली लपवून ठेवली. हुंतुरूत विहीर खोल जाते आणि दोरी हाताला कापते. "'ती'च्या अंघोळीचे दोन हंडे, बाळाचं धुणं, आणि आता तुमचं हे," ती म्हणाली. "एक काम करा, मलाच विहिरीत सोडा, मी खालूनच देत जाईन." एवढं करूनही बाळाचं नाक चोंदलं होतं आणि ते दुपारी झोपायच्या ऐवजी रडत होतं. खुद्द गांबोचा खालचा ओठ मधोमध फुटला होता; त्यावर त्याने शिया झाडाच्या बियांच्या लोण्याचा एवढा थर दिला होता की बोलताना वाफ अडल्यासारखा आवाज यायचा. आणि करंड्यातल्या वरच्या थरातल्या फळांवर, अगदी बारीक बघितलं तर, एक सुरकुती दिसायला लागली होती.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. वारा तोच, खोली तीच, हात तेच. त्याच्या मनात आलं की हात तेच नसतील. माणूस म्हातारा झाला की त्याची ओल जाते म्हणतात, तसं काही असेल. ती सगळी दुपार तो करंड्याशी बसून राहिला आणि अझूमीने दोनदा हाक मारूनही बाजरी-दुधाचा फुरा प्यायला उठला नाही.

नेमकी त्याच वेळी तबावा आली. आत येऊन नेहमीच्या जागी बसली, एक श्वास घेतला आणि नाक मुरडलं.

"नवऱ्या, तुझी खोली माझ्या सासूच्या बोलण्यासारखी झालीये. घशात उतरत नाही."

"दार लाव म्हणजे उतरेल."

"लावलंय. मी तुझ्याकडे ओठ बरे करायला येते, आज घरून निघताना बरे होते." तिने हात लांबवून करंड्यातलं एक फळ उचललं. गांबो "अगं" म्हणेपर्यंत तिने ते दोन्ही अंगठ्यांत धरून मोडलं.

आवाज आला नाही. फळ वाकलं आणि मग फाटलं, ओल्या चामड्यासारखं.

तबावा थट्टा करेल म्हणून गांबोने मान खाली घातली. तिने अर्धं फळ त्याच्या हातावर ठेवलं, अर्धं स्वतः चघळलं आणि बराच वेळ चघळत राहिली.

"पाच दिवस आहेत," ती शेवटी म्हणाली आणि उठून गेली. 'नवऱ्या' म्हणालीसुद्धा नाही.

सोमवारी दुपारी अझूमीने त्याच्या जेवणाबरोबर पाणी आणून ठेवलं. त्याने घोट घेतला आणि विचारलं, "हे चुलीवरचं आहे का?"

"रांजणातलं आहे. चार दिवस हेच पिताय. मी म्हटलं, फुटक्या ओठाला कोमट बरं म्हणून मुद्दाम बोलत नसाल."

हुंतुरूत रांजणाच्या पाण्याने दात ठणकतात. गांबो वाडगा हातात घेऊनच उठला. सिंहाच्या पोटावर त्याने तळवा ठेवला. गुळगुळीत, कोरडं, ताटासारखं. विमानही तसंच, सबुरीही तशीच. खाली वाकून वाळू बोटाने उकरली, तर ती बोटांतून भुरभुर गळली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की कोंबडी कित्येक दिवसांत तिथे नव्हती. ती चुलीमागे अझूमीच्या सांडपाण्यापाशी राहायला गेली होती. कोंबडीला जे गुरुवारीच कळलं ते त्याला सोमवारी कळलं.

तेली रंगाने रांजणांची रंध्रं बुजवून टाकली होती. पाणी आत होतं ते आतच होतं.

त्याला आधी इतकं हलकं वाटलं की तो तिथेच जमिनीवर बसला. हात गेलेले नव्हते. मग त्याने सुरी आणून सिंहाच्या शेपटीमागे, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, थोडं खरवडून बघितलं. रंग निघाला, पण तेल मातीत मुरलं होतं. ओला डाग काही उमटेना.

"नवे आणा," अझूमी म्हणाली. "कुंभारवाड्यात ढीग पडलेत."

"आणि हे कुठे ठेवू? तो संध्याकाळी येतो. उंबऱ्यावरून पहिली नजर त्याची रांजणांकडे जाते, मी बघतो ना. तिथे दुसरे दिसले तर?"

"मग सांगा त्याला कारण."

"मी सांगू? जावयाला? की बाबा, तू प्रेमाने केलंस त्याने आमचं वाटोळं झालं?" गांबोने ओठावर हात दाबला, कारण पुन्हा रक्त आलं होतं. "त्यापेक्षा तू सांग."

"माझ्या तोंडून त्याचं नाव निघत नाही, चूक कुठून निघेल?"

'ती'ला सांगायला सांगावं, तर 'ती' म्हणाली, "मी सांगितलं की ते उंबऱ्यापर्यंतसुद्धा येणार नाहीत. गाडीच्या पाठीमागे लपून बसतील वर्षभर. एकदा एका गाडीवर अक्षर चुकलं तर तीन दिवस जेवले नव्हते." आणि बाळाला खांद्यावर घेऊन आत निघून गेली. तिच्या चालण्यात थोडा रागही होता, तो कोणावर ते गांबोने विचारलं नाही.

शेवटी जे करायची त्याला सगळ्यात भीती होती तेच त्याने केलं. खांद्यावर चादर टाकून चार घरं चालत गेला आणि तबावाच्या अंगणात उभा राहिला. अंगणात लग्नाची तयारी: मिरच्या वाळत घातलेल्या, भाड्याची पातेली, आणि कडुनिंबाखाली पाहुण्यांच्या पाण्यासाठी आणलेले तीन नवे रांजण, रविवारपासून भरून ठेवलेले, मातकट, बेढब आणि घामाने नुसते थबथबलेले. गांबोने त्यांच्याकडे असं बघितलं की तबावाला वाटलं तो रडणार.

त्याने सगळं सांगितलं. तबावा आधी ऐकत राहिली, मग चादरीचं टोक तोंडात कोंबून हसली, मग ओठ फुटला म्हणून थांबली आणि शियाचं लोणी लावून पुन्हा हसली.

"म्हणजे चाळीस वर्षं तू गोरो सांभाळलास आणि एका सिंहाने खाल्ला."

"हसून झालं की सांग काय करायचं ते."

"तू काही करायचं नाही. तू फक्त रडक्या तोंडाने उभा राहा, ते तुला येतं," ती म्हणाली. "उद्या तो यायच्या वेळी घरीच अस."

मंगळवारी संध्याकाळी बराऊ उंबऱ्याबाहेर बसला, अंगठ्याला सगळ्यांची खुशाली विचारून झाली, बाळ मांडीवर आलं, आणि देवडीत तबावा शिरली. मागे तिच्या दोन जावा आणि एक भाची, तिघींच्या डोक्यावर तीन रिकामे ओले रांजण.

"सलाम आलेकुम. कोणी उठू नका, मी चोरी करायला आलेय," ती म्हणाली आणि थेट गोरोच्या खोलीत गेली. "हा सिंह माझा. विमान माझं. आणि ही सबुरी तर या घरात कोणालाच नाही, तीही माझी."

गांबो म्हणाला, "तबावा, हा अन्याय आहे." ठरल्याप्रमाणे म्हणाला, पण इतक्या पाठ केलेल्या आवाजात की आतून 'ती'ला खोकल्याची उबळ आली.

"अन्याय? असली कारागिरी या अंधाऱ्या खोलीत गोरोला दाखवायला ठेवली होती? गोरोला डोळे आहेत का? शुक्रवारी माझ्या अंगणात कानोची दोनशे माणसं येणार. त्यांना कळू दे झारियात काय हात आहेत ते. त्यांच्याकडे रांजणावर कोळशाच्या रेघासुद्धा मारता येत नाहीत." तिने भाचीला खूण केली. "पाणी ओता त्या बादल्यांत. हळू, विमान पाडाल."

"मग माझ्या गोरोने काय करायचं?"

"हे घे. माझे घामट. तुझ्या तोंडाला शोभतात."

उंबऱ्याबाहेर बराऊची मान खालीच होती, पण कान लाल झाले होते, आणि त्याच्या खांद्यांवरून कळत होतं की तो हसतोय. नटलेले रांजण एकेक करून त्याच्यासमोरून गेले. तिसरा गेला तशी त्याची भीड कुठेतरी सैल झाली असावी. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मान वर केली आणि सरळ सासऱ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, जाऊ द्या. या नव्यांनाही मी उद्या रंगवून देतो."

"नको," गांबो ओरडला.

मांडीवरचं बाळ दचकलं. सासरा जावयाशी बोलला होता, तेही तोंडावर, तेही असं. बराऊचा चेहरा उतरत चाललेला गांबोला दिसत होता आणि खरं कारण तर सांगता येत नव्हतं.

तबावा दारातून परत वळली. "बरोबर आहे, नको म्हणणारच. तू रंगवशील आणि मी परवा येऊन तेही नेईन, एवढं या म्हाताऱ्याला कळतं. मुला, जोवर मी जिवंत आहे तोवर याच्या घरात मातकटच ठेव. सुंदर काही ठेवलंस तर माझं. त्यापेक्षा माझ्या देवडीची भिंत रंगव. लग्नघर आहे, उघडंबोडकं दिसतंय."

"कुठला रंग हवा?" बराऊने अंगठ्याला विचारलं. पण विचारलं.

"जो उरला असेल तो."

ते सगळे गेल्यावर गांबोने नव्या रांजणांत पाणी भरलं. तासाभरात त्यांच्या पोटावर घाम आला. त्या दिवशी अझूमीने न सांगता चार घागरी जास्त आणल्या, फक्त प्रत्येक घागर ठेवताना एकदा "हं" म्हणाली. बुधवारी त्याने उसवलेल्या करंड्यातलं एकेक फळ पुन्हा हातात घेतलं. ऐंशीएक गेलेलीच होती. ती वेगळी काढली. बाकीची ताज्या रुंद पानांत, ओलसर गोणपाटाच्या मधोमध, तान्ह्या बाळासारखी गुंडाळून ठेवली. न उसवलेल्या दुसऱ्या करंड्याला त्याने शुक्रवारपर्यंत हातही लावला नाही. गुरुवारी दुपारी 'ती' आणि बाळ खोलीत झोपले होते. बाळाचं नाक मोकळं झालं होतं. भिंतीला टेकलेले म्हातारे घोरत होते. गांबोने एक फळ घेतलं, कोणी उठू नये म्हणून चादरीच्या आत धरलं आणि मोडायला गेला. मग त्याने ते तसंच परत ठेवलं. उद्यासाठी एक कमी पडलं तर, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला ऐकायची भीती वाटत होती.

शुक्रवारी नमाजानंतर तबावाच्या दारासमोर चटया पसरल्या. तिच्या देवडीच्या भिंतीवर रातोरात एक निळा मोर उगवला होता, आणि कडुनिंबाखालच्या रांजणांभोवती कानोच्या पाहुण्यांची ही गर्दी. "पाणी कोमट आहे," एक पाहुणा म्हणाला. "कानोवाल्यांना थंड सोसत नाही, म्हणून मुद्दाम तापवलंय," तबावा म्हणाली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या बराऊला एक गाडीवाला स्वतःच्या गाडीचं माप हातवारे करून सांगत होता.

निकाह लागला. फातिहा झाली. मोठ्या भोपळ्याच्या वाडग्यांतून गोरो फिरू लागला. पहिलं फळ कानोच्या सगळ्यात वयस्कर मामाच्या हातात गेलं. त्याने ते उजेडाकडे धरलं, वास घेतला, शेजाऱ्याला दाखवलं. झारियाचा माल कानोवाला असाच घेतो. गांबो तिसऱ्या चटईवर बसला होता आणि गुडघ्यावरच्या अंगरख्याची घडी नीट करत होता.

कट्ट.

"फळ बरं आहे," मामा म्हणाला. "माणसं कशी निघतात बघू."

"तुमच्यापेक्षा टिकाऊ," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्या हसण्यात दुसरं मोडलं, मग तिसरं, मग चटयांच्या रांगेने आवाज पुढे पुढे सरकत गेला, गरम खापरावर लाह्या फुटाव्यात तसा. गांबोने वर बघितलं नाही. तो ऐकत होता. मधे एखादं नुसतंच फाटायचं, ते त्याला लगेच कळायचं आणि त्याची मान थोडी आत जायची. पण तशी फार नव्हती, सात-आठ असतील, आणि ती बहुतेक झारियावाल्यांच्याच वाट्याला आली होती, ते बोलणार नव्हते.

आवाज शेवटच्या चटईपर्यंत पोचला तशी तबावा त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

"नवऱ्या," ती म्हणाली.

"काय?"

"जेवायला चल. तुझ्यासाठी हाडाचा मोठा तुकडा ठेवलाय."

"मांस आहे का त्याला?"

"आधी ऊठ तर."

गांबो उठला. वाटेत त्याला आतल्या आत हसू येत होतं, आणि या वेळी त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघितली नाही. ओठ फुटला तो फुटला.